सपोर्टमध्ये पडलेला खंड आणि त्याची आकारणी

एका संस्थेच्या फायरवॉलचे (इंटरनेट आणि आतले नेटवर्क यांच्यामध्ये बसवलेल्या सुरक्षा यंत्राचे) सबस्क्रिप्शन ३१ मार्चला संपले, नूतनीकरणाचा विषय संचालक मंडळापुढे जुलैमध्ये आला, खरेदी आदेश ऑगस्टच्या अखेरीस निघाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एका वर्षाचे पैसे भरले गेले. संस्थेच्या हिशेबाने हे सबस्क्रिप्शन पुढच्या सप्टेंबरपर्यंत चालायला हवे. कंपनीच्या पोर्टलवर मात्र समाप्तीची तारीख पुढच्या वर्षीची ३१ मार्च अशीच दिसते. बारा महिन्यांचे पैसे भरून हाती सात महिने आले, आणि असे होणार हे दरपत्रक देणाऱ्याने आधी सांगितले नव्हते. सहकारी बँका, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांच्या नेटवर्कचे काम करताना दर उन्हाळ्यानंतर मला ही तक्रार कुठून ना कुठून ऐकायला मिळते. म्हणून मुदत संपून गेलेल्या सपोर्टचे नूतनीकरण कंपन्या कोणत्या नियमाने करतात, त्यातला कोणता भाग रास्त आहे आणि कोणता नाही, याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आधी सपोर्टमध्ये काय काय येते ते पाहू. फायरवॉल, स्विच किंवा राउटर यांच्यासोबत आपण दरवर्षी जे पैसे भरतो, त्यांत चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. यंत्र बिघडले तर बदली यंत्र मिळणे ही पहिली. फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, नव्या आवृत्त्या उतरवून घेण्याचा हक्क ही दुसरी. कंपनीच्या तांत्रिक मदत केंद्राकडे केस नोंदवता येणे ही तिसरी. चौथी गोष्ट मुख्यतः फायरवॉलपुरती असते: व्हायरस आणि घुसखोरी ओळखण्यासाठी रोज येणाऱ्या सिग्नेचर (ओळखखुणा) आणि संकेतस्थळांचे वर्गीकरण. मुदत संपल्यावर या चारही गोष्टी एकदम थांबतात, पण त्याचा परिणाम प्रत्येक यंत्रावर वेगळा दिसतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळेच अनेक संस्था "सगळे चालूच आहे, मग घाई कशाला" अशा समजुतीत राहतात.

फोर्टिनेट कंपनीची फोर्टिगेट फायरवॉल आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरात असल्यामुळे तिचेच उदाहरण घेतो. सबस्क्रिप्शन संपले तरी ती बंद पडत नाही. राउटिंग चालते, फायरवॉलच्या पॉलिसी लागू राहतात, शाखांना जोडणारे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) चालू राहते. अँटिव्हायरस आणि घुसखोरी प्रतिबंधाच्या सिग्नेचर शेवटच्या दिवशी होत्या तशाच गोठतात. वेब फिल्टरचे मात्र वेगळे आहे. संकेतस्थळाचा वर्ग कंपनीच्या सर्व्हरकडून विचारून घ्यावा लागतो आणि तो मिळाला नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे फायरवॉल ते संकेतस्थळ अडवते. त्यामुळे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी "इंटरनेट बंद आहे" अशी ओरड होते. मग कोणीतरी वेब फिल्टर प्रोफाइलमध्ये जाऊन वर्ग न मिळाल्यास संकेतस्थळे जाऊ देण्याचा पर्याय निवडतो. ओरड थांबते आणि विषय संपला असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणापासून वेब फिल्टर नावापुरतेच उरलेले असते. पुढे नूतनीकरण झाल्यावर तो पर्याय पूर्ववत करायचे लक्षात ठेवणारे फार थोडे असतात, आणि सबस्क्रिप्शन चालू असलेल्या यंत्रांवरही मला ते सेटिंग तसेच राहिलेले सापडले आहे.

एफ-फाइव्ह कंपनीच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरची (येणारे काम अनेक सर्व्हरवर वाटून देणाऱ्या यंत्राची) रीत याहून निराळी आणि अधिक धोक्याची आहे. त्याच्या लायसन्सच्या फाइलमध्ये सपोर्ट कोणत्या तारखेला तपासला गेला याची एक तारीख असते, आणि सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीलाही तिची स्वतःची एक तारीख असते. लायसन्समधली तारीख आवृत्तीच्या तारखेपेक्षा जुनी असेल, तर अपग्रेडनंतर यंत्र सुरू होते पण कॉन्फिगरेशन चढत नाही. म्हणजे सपोर्ट संपलेला असताना कोणी आधी साठवून ठेवलेली इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) घेऊन अपग्रेड केले, तर चालू सेवाच बसण्याची शक्यता आहे. अपग्रेडपूर्वी लायसन्स पुन्हा सक्रिय करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे, परंतु त्यासाठी सपोर्टचा करार चालू असावा लागतो.

सिस्कोच्या मेराकी मालिकेत सगळा डोलारा लायसन्सवरच उभा आहे. तिच्या को-टर्मिनेशन पद्धतीत संस्थेच्या सर्व यंत्रांची समाप्ती एकाच दिवशी येते, त्यानंतर ३० दिवसांची सवलत मिळते आणि त्याही मुदतीत नूतनीकरण झाले नाही तर यंत्रे वाहतूक नेणेच थांबवतात. स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट आपल्या मालकीचे असूनही ते वापरता येत नाहीत. माझ्या मते हे कठोर आहे, पण त्यात एक प्रामाणिकपणाही आहे: खरेदीच्या वेळीच ग्राहकाला हे माहीत असते आणि खंड पडू देण्याचा मोह उरत नाही. दुसऱ्या टोकाला मायक्रोटिक आहे. त्यांच्या राउटरसोबत येणाऱ्या राउटर-ओएसच्या लायसन्सला मुदत नसते आणि नव्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. त्या बदल्यात फोन उचलणारे मदत केंद्र आणि दुसऱ्या दिवशी दारात येणारे बदली यंत्र यांची अपेक्षा ठेवता येत नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे खंड पडल्यानंतर परत येणाऱ्या ग्राहकाकडून काय घेतले जाते. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात आणि पुष्कळदा ते एकमेकांत मिसळलेले असतात. पहिल्यात नवा करार जुन्या कराराच्या समाप्तीपासून मोजला जातो. यालाच आपल्याकडे बॅकडेट करणे म्हणतात. दुसऱ्यात करार आजपासून सुरू होतो, पण वर पुनःस्थापना शुल्क द्यावे लागते. तिसऱ्यात कंपनी यंत्राची तपासणी मागते: ते चालू स्थितीत आहे का, सिरियल नंबर खरा आहे का, अधिकृत मार्गाने विकले गेले आहे का, त्यावर चालणारे सॉफ्टवेअर परवानाधारक आहे का. सिस्को आणि ज्युनिपर यांच्या धोरणांत दुसरा आणि तिसरा प्रकार आढळतो, आणि सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या यंत्रांना त्याची झळ सर्वाधिक बसते, कारण तिथे सपोर्टच्या आधी सॉफ्टवेअरचा परवानाच नव्याने घ्यावा लागू शकतो.

फोर्टिनेटच्या धोरणात पहिला प्रकार आहे, पण त्याला मर्यादा आहे: करार जास्तीत जास्त १८० दिवस मागे नेला जातो. या मर्यादेचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे. पाच महिन्यांचा खंड असेल तर पाचही महिने वजा होतात. दोन वर्षांचा खंड असेल तरी वजा होतात ते १८० दिवसच, म्हणजे एका वर्षाच्या करारातून हाती १८५ दिवस राहतात. तीन वर्षांचा करार घेतला तरी वजावट तेवढीच होते, त्यामुळे तोट्याचे प्रमाण अर्ध्यावरून साधारण सहाव्या भागावर येते. ज्या संस्थेचा खंड सहा महिन्यांच्या आसपास पोहोचला आहे आणि यंत्र अजून चार-पाच वर्षे चालवायचे आहे, तिने एका वर्षाचा करार घेणे हा व्यवहारच चुकीचा आहे. तरीही खरेदी समित्या "सध्या एकच वर्ष घेऊ, पुढचे पुढे पाहू" असा ठराव करतात आणि पैसे वाचवल्याच्या समाधानात निम्मी रक्कम गेलेल्या काळावर खर्च करतात.

धोरण उघडपणे छापून ठेवणाऱ्या कंपन्यांमध्ये ओरॅकलचे नाव घ्यावे लागेल, जरी तिचा विषय नेटवर्कचा नसून सॉफ्टवेअरचा आहे. तिच्या सपोर्ट धोरणात लिहिलेले आहे की खंड पडल्यास शेवटच्या वार्षिक सपोर्ट शुल्काच्या १५० टक्के दराने, जितका काळ खंड होता तितक्या काळासाठी, पुनःस्थापना शुल्क लागेल आणि पुढच्या काळाचे शुल्क वेगळे. दर जबर आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण सही करण्यापूर्वी कोणालाही तो वाचता येतो आणि संस्थेच्या टिपणीत जसाच्या तसा उद्धृत करता येतो. नेटवर्क क्षेत्रात हीच माहिती बहुतेक वेळा भागीदारांच्या पोर्टलवर असते, ग्राहकाला ती दरपत्रक देणाऱ्याच्या तोंडून कळते, आणि त्याला ती नीट माहीत असेलच असे नाही.

मागील काळाची वसुली मुळात अन्याय्य आहे असे मी मानत नाही. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी हप्ता न भरल्यामुळे लॅप्स झाली, तर ती पुन्हा चालू करताना थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि प्रकृतीचा दाखलाही द्यावा लागतो, आणि त्याबद्दल कोणी महामंडळाला दोष देत नाही, कारण आजारी पडल्यावरच हप्ता भरायचा असे सर्वांनी ठरवले तर विमा चालणारच नाही. सपोर्टचेही तेच आहे. बदली यंत्रांचा साठा, रात्रंदिवस बसणारे अभियंते, सिग्नेचर तयार करणारी माणसे यांचा खर्च रोज होत असतो. ग्राहकाने यंत्र जळल्याच्या दिवशी करार घेतला आणि दुसऱ्या दिवशी बदली मागितली, तर नियमाने पैसे भरणाऱ्यांवर अन्याय होतो. म्हणून थोडी वसुली, थोडी तपासणी आणि नवा करार घेतल्यावर बदलीचा हक्क लागू होण्यापूर्वी काही दिवसांची वाट या गोष्टी मला मान्य आहेत. फरक इतकाच की विम्यात पुनरुज्जीवनाच्या अटी पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या असतात, वर नियामक बसलेला असतो, आणि महामंडळ अधूनमधून विलंब शुल्कात सवलत देणारी मोहीम जाहीरपणे राबवते. फायरवॉल विकत घेणाऱ्याच्या हातात यांपैकी काहीच नसते.

मला ठामपणे अमान्य असलेली गोष्ट दुसरीच आहे. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या सुरक्षा दोषाची दुरुस्ती चालू कराराच्या कुंपणाआड ठेवणे हे चुकीचे आहे. बदली यंत्र, मदत, नवी वैशिष्ट्ये यांचे पैसे जरूर घ्यावेत. पण दोष विक्रीच्या दिवसापासूनच यंत्रात होता, तो ग्राहकाने निर्माण केलेला नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सिस्कोने आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब इंटरफेसमधला सीव्हीई-२०२३-२०१९८ या क्रमांकाने ओळखला जाणारा दोष जाहीर केला. गांभीर्याच्या मापनात त्याला १० पैकी १० गुण होते, म्हणजे बाहेरचा माणूस कोणत्याही पासवर्डशिवाय यंत्रावर सर्वाधिकार असलेले खाते तयार करू शकत होता, आणि जगभरात हजारो यंत्रांवर ते प्रत्यक्ष घडले. सिस्कोच्या अशा सुरक्षा सूचनांमध्ये एक परिच्छेद नेहमी असतो, तो सहसा कोणी वाचत नाही: ज्यांच्याकडे सेवा करार नाही अशा ग्राहकांनी तांत्रिक मदत केंद्राशी संपर्क साधावा, यंत्राचा सिरियल नंबर आणि त्या सूचनेचा दुवा द्यावा, म्हणजे दुरुस्त आवृत्ती विनामूल्य मिळेल. हा हक्क वापरायचा असतो हेच आपल्याकडे माहीत नाही. सपोर्ट संपलेला स्विच घेऊन हताश बसलेल्या प्रत्येक संस्थेने तो परिच्छेद शोधून वाचावा, आणि दुरुस्तीसाठी आधी करार घ्या असे सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर तो ठेवावा.

फायरवॉलच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण ती थेट इंटरनेटच्या तोंडावर उभी असते. फोर्टिनेटच्या एसएसएल व्हीपीएनमध्ये (बाहेरून संस्थेच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सोयीमध्ये) डिसेंबर २०२२, जून २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ असे तीन वेळा पासवर्डशिवाय आत शिरता येण्याजोगे गंभीर दोष जाहीर झाले. यांपैकी कोणत्याही महिन्यात ज्या संस्थेचा करार मंजुरीच्या फायलीत अडकलेला होता, तिच्यासाठी खंडाची खरी किंमत वजा झालेल्या महिन्यांत मोजता येणार नाही.

हा खंड आपल्याकडे पडतो कसा, याचे कारण तांत्रिक नाही. खरेदी बहुधा मार्चमध्ये होते, कारण तरतूद संपवायची असते. त्यामुळे सबस्क्रिप्शनही मार्चअखेरीस संपते. त्या सुमारास लेखा विभाग वर्षअखेरीत बुडालेला असतो, नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी मिळून पैसे मोकळे व्हायला मे उजाडतो, मग तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, संचालक मंडळ, आणि यात एखादी निवडणूक किंवा आचारसंहिता आली की गणपती येतात तरी आदेश निघत नाही. समाप्तीची तारीख आणि मंजुरीचे चक्र यांची गाठ अशी पडली आहे की संस्थेने कितीही मनापासून प्रयत्न केला तरी दरवर्षी तीन-चार महिन्यांचा खंड पडणारच. यावर उपाय एकदाच करायचा असतो: पुढचे नूतनीकरण दिवसांच्या हिशेबाने घेऊन सर्व यंत्रांची समाप्ती ३० सप्टेंबर किंवा ३१ डिसेंबर अशा एकाच, मार्चपासून लांबच्या तारखेला आणून ठेवायची. बहुतेक मोठ्या कंपन्या असे दर देतात. दरपत्रक मागताना ते मुद्दाम मागावे लागते, कारण कंपनीचे तयार उत्पादन-कोड एक, तीन आणि पाच वर्षांचे असतात आणि विक्रेत्याला तेच टाकणे सोपे जाते.

लेखापरीक्षणाचा मुद्दा याहून अवघड आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. बॅकडेट झालेल्या कराराचे देयक आले की लेखापरीक्षक विचारतात की ज्या काळात सेवा मिळालीच नाही त्या काळाचे पैसे का दिले. प्रश्न चुकीचा नाही. परंतु फायलीत फक्त "एक वर्षाचे नूतनीकरण" एवढेच लिहिलेले असेल तर त्याला उत्तर उरत नाही आणि आयटी विभागातला कनिष्ठ माणूस खुलासे लिहीत बसतो. म्हणून मंजुरीच्या टिपणीतच लिहावे की खंड इतक्या दिवसांचा आहे, कंपनीच्या धोरणानुसार करार अमुक तारखेपासून मोजला जाईल, प्रत्यक्ष लाभ इतके दिवस मिळेल, आणि तरीही नवे यंत्र घेण्यापेक्षा हे किफायतशीर आहे अथवा नाही. हे आकडे टिपणीत आले की मंजुरी लांबवण्याची किंमतही तिथेच, सही करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येते. एका शिक्षणसंस्थेत अशी टिपणी गेल्यानंतर पुढच्या वर्षीचा प्रस्ताव समाप्तीच्या तीन महिने आधी मागवला गेला, आणि तो मागवणारे लेखाधिकारीच होते.

निविदेत आणखी एक घोटाळा होतो. दोन विक्रेत्यांनी एकाच वर्षाचा दर दिलेला असतो. एकाने मागचे महिने धरून दिलेला असतो, दुसऱ्याने शुल्क वेगळे लागेल हे गृहीत धरलेले पण लिहिलेले नसते. कमी दराचा स्वीकारला जातो आणि आदेश निघाल्यावर "कंपनीने पुनःस्थापना शुल्क मागितले आहे" असे पत्र येते. माझ्या परिचयाच्या एका संस्थेत ही रक्कम मूळ फरकापेक्षा मोठी निघाली. त्या दरपत्रकाची ओळ मला अजून आठवते: कोड, "रिन्यूअल - १ वर्ष", नग १, दर, जीएसटी १८ टक्के. सिरियल नंबर नाही, आरंभ नाही, समाप्ती नाही. अशा ओळीवर आदेश काढला की पुढे भांडायला कागद राहत नाही. मी आता प्रत्येक आदेशात पुढील अर्थाचे वाक्य घालायला सांगतो: "सदर सपोर्टची आरंभ व समाप्ती तारीख सिरियल नंबरनिहाय दरपत्रकात नमूद करावी, मागील कालावधीची वजावट, पुनःस्थापना शुल्क अथवा तपासणी शुल्क लागू असल्यास ते नमूद दरात समाविष्ट धरले जाईल, मूळ उत्पादक कंपनीच्या पोर्टलवर समाप्तीची तारीख प्रत्यक्ष दिसल्यानंतरच देयक अदा केले जाईल." शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती घातली की विक्रेता आदेश स्वीकारण्याआधी कंपनीकडून तारखा विचारून घेतो.

कमी दराच्या मोहाचा दुसरा प्रकारही टाळावा. दुसऱ्या देशासाठी दिलेले किंवा मोठ्या संस्थेच्या करारातून बाजूला काढलेले लायसन्स निम्म्या दरात देऊ करणारे भेटतात. काही काळ ते चालते. नंतर नोंदणी रद्द झाली की पैसेही जातात आणि सिरियल नंबरवर शंकेचा शिक्काही बसतो, आणि मग अधिकृत नूतनीकरणाच्या वेळी तपासणीची अडचण नव्याने उभी राहते.

खंड मोठा असेल तर नूतनीकरण करावे की यंत्रच बदलावे, याचा निर्णय यंत्राच्या आयुष्यावरून घ्यावा. सिस्को सर्वसाधारणपणे विक्री बंद झाल्यापासून पाच वर्षे हार्डवेअरचा सपोर्ट देते. फोर्टिनेटही शेवटच्या ऑर्डरच्या तारखेपासून ६० महिने देते. महाविद्यालयांत आणि बँकांत सर्रास दिसणाऱ्या कॅटालिस्ट २९६०-एक्स या स्विचची विक्री ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी थांबली आणि त्याचा सपोर्ट ३१ ऑक्टोबर २०२७ रोजी संपतो. सपोर्टच्या अखेरच्या तारखेआधीच करार नूतनीकरणाची अखेरची तारीख येते, आणि नवा करार जोडण्याची मुदत तर त्याहून कितीतरी आधी संपलेली असते, ही गोष्ट खंड पडलेल्या ग्राहकाला सर्वांत जास्त भोवते: करार चालू ठेवलेल्या शेजारच्या संस्थेला नूतनीकरण मिळते आणि त्याच मॉडेलच्या खंड पडलेल्या यंत्राला ते मिळेलच असे नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरची आयुर्मर्यादेची सूचना उघडून या तिन्ही तारखा मंजुरीच्या टिपणीत लिहाव्यात. लहान फायरवॉलच्या बाबतीत तीन वर्षांच्या सबस्क्रिप्शनसह नवे यंत्र आणि जुन्या यंत्राचे तीन वर्षांचे नूतनीकरण यांच्या किमती पुष्कळदा इतक्या जवळ येतात की वजा होणारे १८० दिवस धरल्यावर नवे यंत्र स्वस्त पडते. त्याचा सिरियल नंबर नवा, करार नवा, मागचे काहीच नाही. मोठ्या फायरवॉलला मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

सगळ्याच यंत्रांना सारखाच सपोर्ट हवा असेही नाही, आणि मर्यादित बजेटच्या संस्थांना मी हे आवर्जून सांगतो. वर्गखोल्यांत किंवा शाखेत संगणक जोडणाऱ्या स्विचसाठी करार न घेता त्याच मॉडेलचा एक जादा स्विच कपाटात ठेवणे आणि त्याच्या कॉन्फिगरेशनची प्रत जपणे हा बहुधा अधिक शहाणपणाचा खर्च असतो. अरुबा कंपनीच्या अनेक स्विचवर, आणि कॅटालिस्ट २९६०-एक्सवरही, मर्यादित आजीवन वॉरंटी असते. तिच्यात बदली यंत्र मिळू शकते हे विसरून लोक करारावर पैसे घालतात. मुख्य स्विचसाठी त्रयस्थ कंपन्यांचा देखभाल करार चालू शकतो, पण असा करार सुटे भाग आणि माणूस देतो, मूळ कंपनीचे फर्मवेअर देऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवून. इंटरनेटला तोंड देणाऱ्या फायरवॉलच्या बाबतीत यांपैकी कोणताही पर्याय मी सुचवणार नाही. तिचा करार एक दिवसही खंडित असू नये, आणि बजेट अपुरे असेल तर इतर सर्व करार सोडून देऊन तोच जपावा.

नागरी सहकारी बँकांसाठी हा केवळ सल्ल्याचा विषय राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी या बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट लागू केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार स्तरांची रचना आणली. यंत्रांची अद्ययावत यादी आणि पॅच व्यवस्थापन (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर बसवणे) या गोष्टी त्यात अपेक्षित आहेत, आणि सपोर्ट नसलेल्या फायरवॉलवर पॅच व्यवस्थापन कागदावरच राहते. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांनी केलेल्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. घटना घडलेल्या रात्री कंपनीच्या मदत केंद्राकडे केसच नोंदवता येत नसेल, तर त्या सहा तासांत बँकेचा आयटी अधिकारी एकटा पडतो. अशा रात्री करार नव्याने विकत घेण्याची धडपड मी पाहिली आहे: वितरकाचे कार्यालय बंद, विक्रेत्याचा फोन लागत नाही, आणि पैसे भरण्याची तयारी असूनही सकाळपर्यंत काही होत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी कोणतेही पैसे न भरता आजच करता येते. बहुतेक संस्थांची यंत्रे कंपनीच्या पोर्टलवर विक्रेत्याच्या ई-मेलखाली नोंदलेली असतात, कारण बसवायला आलेल्या मुलाने त्या दिवशी स्वतःच्या कंपनीचे खाते वापरलेले असते. समाप्तीच्या ९०, ६० आणि ३० दिवस आधी येणाऱ्या सूचना मग त्या विक्रेत्याकडे जातात. तो दुकान बंद करून गेला असेल, किंवा त्याचे संस्थेशी बिनसले असेल, तर त्या कोणाकडेच जात नाहीत. सिरियल नंबर आणि मूळ खरेदीचे बीजक जोडून कंपनीला पत्र लिहिले की नोंदणी संस्थेच्या नावावर करून मिळते. ते खाते एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावाने न उघडता संस्थेच्या डोमेनवरच्या सामायिक ई-मेलवर उघडावे, त्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचा फोन कोणाकडे आहे हे नोंदवहीत लिहावे, आणि सूचना लेखाधिकाऱ्यांच्या ई-मेलवरही जातील अशी व्यवस्था करावी, कारण मंजुरीचा कागद त्यांच्याच टेबलावरून सुरू होतो.